मासळी, चिरा आणि आंबा: एका पिकअपच्या हौद्याला लायनर निवडतानाची पूर्ण केस

माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची, एक पिकअप आहे. १.७ टनवाली, नऊ फुटी हौदा, २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली. घर दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून अर्ध्या तासावर. मी लोटे एमआयडीसीत कोटिंगच्या कामात आहे, म्हणजे टाक्या, पाइपलाइन, स्ट्रक्चर यांच्यावर रंग नीट बसलाय का, किती जाड बसलाय, गंज आला तर का आला हे बघायचं. गाड्यांमधलं मला विशेष कळत नाही, पण लोखंड आणि खारं पाणी यांचं भांडण रोज बघतो, आणि ही केस शेवटी त्याच भांडणाची निघाली. पूर्ण लिहून काढतोय कारण "पिकअपला कुठलं लायनर चांगलं" (लायनर म्हणजे हौद्याचा पत्रा वाचवायला आतून बसवायचं अस्तर) असं कुणीही विचारलं की समोरचा एका वस्तूचं नाव सांगून मोकळा होतो, आणि असं एक नाव ऐकूनच दादाची पहिली दोन वर्षं वाया गेली होती.

आधी गाडीत काय काय भरतात ते सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

पहिलं म्हणजे मासळी. हर्णैला लिलाव झाला की क्रेटमध्ये बर्फ घालून माल भरायचा आणि मंडणगड, महाड, माणगाव, ताम्हिणी करत पुणे. बंदरात वापरायचं पाणी बहुतेक समुद्राचंच, क्रेट त्यातच बुचकळून काढलेले, वर बर्फ, म्हणजे वाटेत पाच-सहा तास खारट पाणी हौद्यात ठिबकत राहणार. दुसरं म्हणजे जांभा चिरा. खाणीतून घर बांधणाऱ्यापर्यंत, हातानं भरायचा, हातानं उतरवायचा, आणि उतरवताना कुणी अलगद ठेवत नाही, ओढतात आणि सोडतात. चिऱ्याच्या कडा कानशीसारख्या, वर ती लाल माती. तिसरं आंबा, एप्रिल-मे, पेट्या भरून वाशी मार्केट. वजनाला फार नाही, ओला नाही, पण वास अजिबात चालत नाही. जून-जुलै मासेमारी बंदी असते तेव्हा मासळी बंद, मग खत, बियाणं, कुणाचं तरी सामान, आणि वर धो धो पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, तो हौद्यातच पडतो कारण ताडपत्री कायम फाटलेली.

म्हणजे एकाच हौद्याला तीन वेगळे शत्रू. मासळी सडवते, चिरा सोलतो, आणि आंबा म्हणतो मला यातलं काही दिसता कामा नये.

दादानं गाडी घेतल्या घेतल्या काय केलं तर १२ एमएमचं प्लायवूड टाकलं. कुणीतरी सांगितलं की नवीन गाडीचा पत्रा झाकून टाक, पाच वर्षांनी विकताना शोरूमसारखा निघेल. प्लाय हलू नये म्हणून सुताराकडून सोळा-सतरा सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून घेतले, थेट हौद्याच्या पत्र्यात. खाली जुना फ्लेक्स बॅनर अंथरला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा, म्हणजे पाणी झिरपणार नाही असा हिशोब. बाहेरून दोन वर्षं एकदम छान. चिऱ्यानं प्लाय खाल्लं पण पत्रा वाचला असं सगळे समजून होते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये प्लाय फुगून कोपऱ्यात उकललं म्हणून काढलं. आणि खाली जे होतं ते बघून दादा म्हणाला, "अरे हा आपला पत्रा आहे?" फ्लेक्सच्या खाली पाणी साठून राहिलेलं, पत्रा तपकिरी, जिथे जिथे स्क्रू तिथे तिथे रुपयाएवढा खड्डा, आणि मागच्या फाळक्याच्या अलीकडे, आडव्या चॅनलच्या वर, एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर दाबला तर आरपार गेला. दोन वर्षांची गाडी! हप्ते अजून चालू होते.

यात गाडीचा दोष नाही हे आधी सांगतो. उघडा पत्रा असता, रोज धुतला गेला असता, उन्हात वाळला असता, तर रंग खरचटला असता पण एवढं झालं नसतं. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा लागते, आणि मीठ असेल तर काम पळत होतं. प्लाय आणि फ्लेक्सनं काय केलं तर खारं पाणी आत जायला वाट ठेवली आणि बाहेर यायची बंद केली. वरून ऊन पडलं की खाली वाफ, रात्री परत थेंब. स्क्रूनं रंग फोडून दिलेला होताच. हौदा झाकल्यामुळेच सडला, आणि हे दादाला पटायला दोन दिवस लागले, कारण त्याचं म्हणणं अजून जाड प्लाय टाकलं असतं तर टिकलं असतं.

तर प्रश्न असा होता की भोकं दुरुस्त करून आता काय टाकायचं. जो तो आपलंच सांगत होता.

खेडला एक बॉडी बिल्डर आहे, तो म्हणाला ३ एमएमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा, टाक, वेल्ड मार, विसरून जा. चिरा, वाळू, खडी वाहणारे सगळे हेच करतात आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण हिशोब केला. हौद्याची जमीन साधारण २.७५ मीटर गुणिले १.७ मीटर, म्हणजे पावणेपाच चौरस मीटरच्या आतबाहेर, आणि ३ एमएम चेकर प्लेट एका चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ १२० किलो लोखंड कायमचं गाडीवर बसणार. गाडीचं एकूण वजन कागदावर ठरलेलं असतं, त्यामुळे हे १२० किलो मालातून वजा होणार, रोज, प्रत्येक फेरीला. शिवाय वेल्डिंग म्हणजे काही सलग मारत नाहीत, चार बोटांवर एक टाका. दोन पत्र्यांमध्ये कागदाएवढी फट राहणार आणि त्या फटीत परत तेच खारं पाणी. म्हणजे प्लायच्या जागी लोखंड, बाकी गोष्ट तीच. वेल्डिंगच्या उष्णतेनं खालच्या बाजूचा रंग जळतो तो वेगळाच. मी नाही म्हणालो. बॉडी बिल्डरला थोडा राग आला, पण मासळीची गाडी म्हणल्यावर तोही म्हणाला की मग बघा बाबा तुमचं.

मग कुणी म्हणालं ॲल्युमिनियमची चेकर प्लेट, पुण्यात टेम्पोंना बघितली आहे, चकाचक दिसते, वजन स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याचं. खरंय. पण ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पावडर सुटते, रिव्हेटच्या भोवती तर आधी. बंदरावरच्या कुठल्याही जुन्या बोटीचं फिटिंग बघा, जिथे दोन धातू भेटतात तिथेच पहिला घोळ. कोरडा माल वाहणाऱ्यानं खुशाल टाकावं, आमच्यासाठी बाद.

तिसरा पर्याय प्लॅस्टिकचा. इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाड्यांना तयार ट्रे मिळतो, काळा, हौद्याच्या मापाचा, वरून टाकायचा की झालं. दादानं व्हिडिओत बघितला आणि हट्टच धरला. पण तो त्या गाडीच्या साच्यात काढलेला असतो, चाकांच्या खळग्यांसकट, आपल्या मालवाहू पिकअपच्या सपाट हौद्यात तो बसत नाही. मग एचडीपीईची, म्हणजे चिवट प्लॅस्टिकची, सपाट शीट आणून कापून टाकायची असा उपाय निघाला. शीट हलकी, ३ एमएमची पूर्ण जमिनीची तेरा-चौदा किलो फक्त, मीठ तिला काही करत नाही, वास धरत नाही. क्रेट वर घसरतात, म्हणजे हमालांना आवडतं. पण घसरतात म्हणजे ताम्हिणीच्या वळणावर पण घसरतात. दुसरं म्हणजे हे प्लॅस्टिक उन्हात फार वाढतं. पहाटे २० डिग्री आणि दुपारी हौद्यात ६० धरले तर पावणेतीन मीटरची शीट दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब होते. घट्ट बोल्ट मारले तर मध्ये पोट येतं, सैल ठेवली तर खाली वाळू शिरते, आणि वाळू शिरली की गाडीच्या प्रत्येक धक्क्याला शीट पॉलिश पेपरचं काम करते. परदेशातल्या पिकअपवाल्यांची या ट्रेबद्दलची जुनी तक्रार हीच आहे, की वरून लायनर नवंकोरं आणि खाली रंग घासून गेलेला, गंजलेला. परत तेच, पाणी आणि मीठ खाली.

चौथा पर्याय मला फार आवडला होता पण तो चुकीचा होता. बंदरावर फायबरच्या होड्या बनवणारा एक मिस्त्री दादाच्या ओळखीचा, तो म्हणाला हौद्यात फायबर मारून देतो, होडी पाण्यात वर्षं काढते तर तुझी गाडी काय. ऐकायला एकदम बिनतोड. पण होडी अख्खी फायबरची असते, आतून बाहेरून एकच, आणि इथे फायबर लोखंडाला चिकटवायचं. पॉलिस्टर रेझिन पत्र्याला फार प्रेमानं धरत नाही, आणि हौदा खड्ड्यात पिळवटतो तसं फायबर पिळवटत नाही, ते कडक असतं. आधी केसासारखी चीर, मग एक कोपरा सुटणार, मग खाली पाणी. मिस्त्रीला हे सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं फार विचार करता." असेलही.

रबर मॅटबद्दल खाली सांगतो, ती शेवटी आलीच.

राहिला स्प्रे. यात दोन जाती. एक म्हणजे डबा-हार्डनर मिसळून कॉम्प्रेसर आणि गननं मारायचं पॉलियुरेथेन, यू-पोल रॅप्टर वगैरे त्या जातीतलं, घरच्या गॅरेजात पण मारतात. दुसरी पॉलियुरिया, तिला मोठं मशीन लागतं, दोन घटक साधारण ६५ डिग्रीपर्यंत गरम करून २००० पीएसआयच्या आसपास दाबानं गनच्या तोंडाशीच एकत्र होतात आणि काही सेकंदात घट्ट. आपल्याकडे हे काम करणारे बहुतेक गच्च्या आणि टाक्या वॉटरप्रूफ करणारे लोक, गाड्या त्यांचा जोडधंदा. पहिल्या प्रकारात एक-दोन मिलीमीटर जाडी गाठायची तर कोटावर कोट मारत बसावं लागतं, दुसऱ्यात एका दमात २ मिलीमीटर. वजन? जमीन आणि बाजूंची दीड फूट उंची धरली तर पावणेनऊ चौरस मीटर होतात, २ मिलीमीटरनं अठरा लिटरच्या आसपास माल, म्हणजे वीसेक किलो. चेकर प्लेटच्या १२० पुढे काहीच नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी की स्प्रेला "खाली" नसतं. तो पत्र्यालाच धरून बसतो, पाण्याला साठायला फट नाही. आतापर्यंतचे सगळे पर्याय याच एका प्रश्नावर बाद होत होते.

पण स्प्रे सगळ्यावर औषध नाही, हे मी दादाला कागदावर लिहून दिलं होतं म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. एक, चिऱ्याची टोकदार कड वरून पडली तर पॉलियुरिया फाटतं, ते रबरासारखं असतं, पोलाद नाही. दोन, एकदा फाटलं आणि दुरुस्त नाही केलं की त्या भोकातून गंज आत आत सरकतो आणि वरून दिसत नाही. तीन, खालचा पत्रा मीठ धरून असेल तर वरून कितीही महाग मारा, फोड येणारच. चार, पैसे. आम्हाला भोकं बुजवायचं वेल्डिंग सोडून, प्रायमरसकट बत्तीस हजार सांगितले, तेव्हा चेकर प्लेटचे बारा हजारच्या आसपास होत होते. वहिनी म्हणाली, "वीस हजार जास्त कशाचे?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, त्या वीस हजारांत तीन वर्षांनी परत पत्रा कापायला लागणार नाही. ती म्हणाली, "लिहून देशील?" ते मात्र मी नाही लिहून दिलं.

मग चिऱ्याचं काय. इथे आत्याच्या गोठ्यात उभं असताना सुचलं. म्हशीखाली टाकतात ती रबरी मॅट, काऊ मॅट, साडेसहा बाय चार फूट, पंधरा मिलीमीटरच्या वर जाड. ती म्हशीचे खूर आणि मूत वर्षानुवर्षं सहन करते तर चिरा काय. पण ती कायमची टाकायची नाही, नाहीतर परत फ्लेक्सचीच गोष्ट. चिरा असेल त्या दिवशी टाकायची, मासळीच्या दिवशी काढून ठेवायची. म्हणजे कोटिंग मिठासाठी, मॅट मारासाठी, आणि आंब्याला दोन्हीचा त्रास नाही कारण पॉलियुरिया वास पीत नाही, धुतलं की गेला. प्लायच्या काळात एका आंबेवाल्यानं पेटी नाकाला लावून "हापूस आहे का बोंबील" असं विचारलं होतं, दादाला ते अजून लागलेलं आहे.

तर ठरलं असं. आता प्रत्यक्ष काम, आणि यात मी जरा रेंगाळणार आहे कारण लायनर यशस्वी होतं की नाही हे इथेच ठरतं, डब्यावर काय छापलंय त्यावर नाही.

पावसाळ्यात हे काम करायचंच नाही. आम्ही जानेवारी २०२४ पर्यंत थांबलो, मधले अडीच महिने दादा उघड्या हौद्यावर मासळी वाहत होता आणि रोज घरी येऊन विहिरीच्या पाण्यानं धूत होता, मी सांगितलं म्हणून. नाइलाजच होता. डिसेंबरअखेर मासळी थांबवली, सडलेला भाग कापून तिथे नवीन पत्रा सलग वेल्डिंगनं बसवला, स्क्रूची भोकं भरून घासून घेतली. पाणी जायची मूळ छिद्रं मात्र उघडी ठेवली आणि त्यांच्या कडा गोल घासल्या, कारण कुठलंही कोटिंग धारदार कडेवरून मागे सरकतं आणि तिथेच पातळ बसतं, गंज तिथूनच सुरू होतो.

मग मीठ. पत्रा घासून चकचकीत केला म्हणजे मीठ गेलं असं नाही, ते खड्ड्यांच्या तळाशी बसलेलं असतं. आमच्या कामात याची एक साधी टेस्ट आहे, पत्र्यावर एक छोटं चिकट पाकीट लावायचं, आत सुईनं शुद्ध पाणी सोडायचं, जरा वेळानं काढून त्याची वीज वाहण्याची क्षमता मोजायची. मीठ असेल तर आकडा चढतो. पहिल्या धुण्यानंतर आकडा बघून मी दादाला म्हणालो की आत्ता कोटिंग मारलं असतं तर चतुर्थीपर्यंत फोड आले असते. प्रेशर वॉशरनं गोड्या पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, घासायचं, परत धुवायचं, असं तीनदा केल्यावर खाली आला. ज्याच्याकडे ही टेस्ट नाही त्यानं सरळ तीन-चारदा धुवावं, पाण्याला काय पैसे पडतात. घासलेला पत्रा रात्रभर ठेवला आणि सकाळी परत तांबूस झाला तर समजायचं आत अजून आहे.

गाडी चाकणजवळच्या एका स्प्रेवाल्याकडे नेली. तिथे सकाळी आठलाच मारायला सुरुवात करणार होते. मी म्हणालो थांबा. हवा १४ डिग्री, दमटपणा ८० टक्के, म्हणजे दव धरायचं तापमान साडेदहाच्या आसपास, आणि पत्रा रात्रभर बाहेर उभा राहून १२ वर. नियम असा की पत्रा दवाच्या तापमानापेक्षा निदान ३ डिग्री गरम पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा वर असतो आणि प्रायमर त्याच्यावर बसतो. पोरं वैतागली, चहा मागवला, साडेदहाला पत्रा उन्हानं तापला तेव्हा इपॉक्सी प्रायमर मारला. खड्डे होते तिथे इपॉक्सीची पुट्टी भरली, कारण पॉलियुरिया इतक्या पटकन घट्ट होतं की बारीक खड्ड्यात उतरायला त्याला वेळच मिळत नाही, वरून टोपी बसते आणि आत हवा. दुसऱ्या दिवशी पॉलियुरिया. शेवटचा हात लांबून, भुरभुरता मारायला सांगितला म्हणजे वर खरखरीत दाणा येतो आणि क्रेट घसरत नाहीत.

एक सांगायचं राहिलं, मारणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून हवा येणारा मास्क होता का हे बघा. यात आयसोसायनेट असतं, ते एकदा छातीत बसलं की माणसाला कायमचा दमा लागू शकतो. साधा रुमाल बांधून मारणारे पण बघितलेत. आम्ही दोघं लांब झाडाखाली बसलो होतो. घरच्या शेडमध्ये पोरंबाळं फिरत असताना हे काम करू नये, डबा-हार्डनरवालं पण.

रंगाचं एक. स्प्रेवाला काळाच मारतो म्हणत होता, दादाला करडा पाहिजे होता कारण काळा हौदा उन्हात जास्त तापतो आणि बर्फ लवकर जातो. स्वस्तातलं पॉलियुरिया उन्हानं पिवळट पडतं, न पडणारं वेगळं येतं पण महाग. आम्ही स्वस्तातलंच करड्या रंगात घेतलं. ताकदीत फरक पडत नाही, दिसण्यात पडतो. होळीपर्यंत हौदा करडा होता, आता चहा सांडल्यासारखा आहे. वहिनीला वीस हजारांच्या प्रश्नाबरोबर हा दुसरा मुद्दा मिळाला.

जाडी मी स्वतः गेजनं मोजली, जमिनीवर २ मिलीमीटरच्या वर, पण बाजूंच्या वरच्या कडेला सव्वा. तिथे परत मारून घेतलं. मोजलं नसतं तर कळलंच नसतं, आणि दोराचं घर्षण नेमकं तिथेच होतं. खालच्या बाजूला, म्हणजे हौद्याच्या पोटाला, कोटिंग नाही मारलं, घासून इपॉक्सी आणि वर ग्रीससारखं मेण. आमच्याकडे लोक खालून जळकं ऑइल मारतात, थोडंफार चालतं पण ते ठिबकत राहतं आणि माती धरतं, मला आवडत नाही.

पुढे काय झालं?

पहिला सीझन मासळीला एकदम मस्त. हौदा पाईप मारला की साफ, पाणी छिद्रांतून निघून जातं. उलट आधी हौद्यात साठायचं ते आता सगळं रस्त्यावर जायला लागलं, आणि घाटात मासळीच्या पाण्यावरून दुचाकीवाले घसरतात, म्हणून छिद्रांना खालून पाईप जोडून कॅन लावला. मासळीवाल्यांनी हे करायलाच पाहिजे, लायनर असो नसो.

चिऱ्याला मात्र एप्रिलमध्येच मार बसला, आणि चूक आमचीच. मॅट साडेसहा फुटी, हौदा रुंदीला साडेपाच, म्हणून आडवी टाकून एक फूट कापली, अशा दोन, म्हणजे लांबीत आठ फूट झाले. हौदा नऊ. एक फूट उघडा राहणार. आम्ही अगदी शहाण्यासारखं केबिनच्या भिंतीपासून टाकत आलो आणि उघडा फूट राहिला मागे, फाळक्याशी. जिथे प्रत्येक चिरा ओढला जातो नेमका तिथे! तिसऱ्याच फेरीत दोन इंचाची चीर, आतला पत्रा दिसत होता. दादानं फोटो पाठवला आणि खाली फक्त "हे बघ". मी रविवारी जाऊन भोवतीचं घासून, सॉल्व्हंटनं पुसून, हातानं लावायचं दोन घटकांचं पॉलियुरेथेन भरलं. आठवड्याच्या आत केलं म्हणून वाचलं. तेव्हापासून मॅट मागून सुरू होतात आणि उघडा फूट केबिनकडे, तिथे कुणी चिरा ओढत नाही. दोन मॅटच्या मध्ये आडवी शिवण येते, तिच्यात लाल माती जाते, ती दर फेरीला झाडावी लागते.

मॅटचा दुसरा त्रास वजनाचा. कापल्यावरही एकेक चाळीस किलोची, दोन माणसांशिवाय उचलत नाही. दादा सुरुवातीला कंटाळा करून मासळीला पण मॅट ठेवूनच गेला होता दोन-तीनदा. मी खाली हात घालून बघितलं तर ओलं गार, आणि वास. त्यावरून आमचं बऱ्यापैकी वाजलं. हमालांची पण तक्रार होती, क्रेट आकड्यानं ओढला तर रबरावर हलत नाही, उचलायला लागतो. शेवटी त्यांच्याच बोलण्यानं मॅट निघाली, माझ्या नाही.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर परत सगळं तपासलं, नाण्यानं ठोकत ठोकत, जिथे सुटलं असेल तिथे पोकळ वाजतं. एक जागा वाजली, फाळक्याच्या बिजागरीशी, बोटभर. तिथे आम्ही बिजागरी न काढता भोवतीनं मारून घेतलं होतं, आळसानं. कापून, घासून, परत भरलं. बाकी जमीन घट्ट. नवीन वेल्डिंगच्या जागा पण.

दादाच्या जागी फक्त चिरा आणि वाळू वाहणारा असता, घाटावरचा, समुद्राचं तोंड न बघणारा, तर मी त्याला खेडच्या त्या बॉडी बिल्डरकडेच पाठवलं असतं, फक्त वेल्ड सलग मार आणि कडा भर एवढं सांगून. फक्त भाजी किंवा फर्निचर वाहणारा असता तर नुसती पातळ रबर मॅट, महिन्यातून एकदा उचलून वाळवायची, बास. बत्तीस हजार प्रत्येकानं घालावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही.

सध्याची अडचण वेगळीच आहे. मासळीच्या दिवसांत मॅट ठेवायला जागा म्हणून आत्याच्या गोठ्यात टाकल्या होत्या, म्हशीखाली, नुसत्या पडून कशाला राहायच्या म्हणून. आता पाऊस संपून चिऱ्याचं काम सुरू झालं, दादा मॅट न्यायला गेला तर आत्या म्हणाली, "म्हस आता मातीवर बसत नाय, तू दुसऱ्या घे." दोन नवीन मॅटचे पैसे कुणी द्यायचे यावर आता बोलणी चालू आहेत.